मेडलचं नाक उठत नाही म्हणून टनेज वाढवू नका

बेळगावच्या उद्यमबागेत कामाला लागणारी आपल्याकडची बहुतेक पोरं बीडाच्या ओतकामातली नाहीतर लोखंडातली, मीही तसाच, खानापूरहून सकाळची बस धरून यायचो. तांबं हातात आलं की घोळ होतो. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं, उलट दाबून दाबून कडक होतं. म्हणून खोल चेहऱ्याचं मेडल एका दाबात येत नाही, दाबा, भट्टीत मंद लाल करा, ॲसिडात काळं काढा, परत दाबा. एवढं कुणीही सांगतंय.

मला कुणी सांगितलं नाही ते तेलाचं. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं काम, संस्थापकांचा चेहरा, आणि नाक चपटं, त्यावर धुरकट ठिपका. वाटलं टनेज, म्हणजे प्रेसचा दाब, कमी पडतोय. वाढवला, परत वाढवला. तिसऱ्या दिवशी डायला, म्हणजे चेहरा कोरलेल्या ठशाला, कानापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर, आणि ती पुढच्या प्रत्येक मेडलवर उंच रेघ होऊन उठायला लागली. डाय गेली, महिन्याचा पगारही जवळजवळ गेला.

खरं झालं होतं असं की ब्लँक, म्हणजे छाप पडायच्या आधीची तांब्याची कोरी चकती, चिकटू नये म्हणून मी दर वेळी ब्रशनं तेल मारत होतो. डाय उलटी कोरलेली, म्हणजे मेडलवरचं नाक तिथं सगळ्यात खोल खड्डा, तेल त्यातच जाऊन बसतं. वरून ब्लँक आला की त्याला बाहेर पडायला वाट नाही, आणि तेल दाबून आटत नाही, हायड्रॉलिक जॅक त्याच्यावरच चालतो की! धातू खड्ड्यात उतरणार कसा? टनेज वाढवलं की मरते ती डाय.

नवीन डाय आल्यावर शेजारच्या प्रेसवरच्या मामांनी काडीला कापूस गुंडाळला, खड्डा पुसला, म्हणाले, "आता दाब बघू." टनेज तेच, नाक आलं. पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, हा राग अजून आहे. 'बघून शिक' म्हणणाऱ्या उस्तादांचं मला काही कौतुक नाही. खरं, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचंही नाही, त्यात तेल दिसतच नाही.

घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच काहीतरी फुटतं.

फिनिशिंगला बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, अक्षरं दाबून धरू नका, कडा जातात. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडात नको, यात चूक करायची नाही म्हणजे नाही. लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक वार्निशच्या, आधी हातमोजे घाला, नाहीतर बोटाचा ठसा नंतर लॅकरखालून काळा उगवतो. मी पाठवलेल्या एका मेडलवर संस्थापकांच्या कपाळावर माझा अंगठा आहे.

धुरकट ठिपका दिसला की आधी खड्डा पुसून एक दाब मारून बघा. तरी नाही आलं तर परत भट्टी. टनेजच्या बटणाला हात त्याच्यानंतर.