घरातल्या थोरल्या आजीचं आयुष्य कसं लिहून काढावं

आजीला मी पहिल्यांदा म्हटलं, “तुझ्याबद्दल सांग,” तेव्हा ती चाळीस मिनिटं बोलली. नंतर ते रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात धाकट्या दिराचं आजारपण होतं, मोठ्या लेकीचं शिक्षण होतं, सासूबाईंचे शेवटचे दिवस होते. आजी मात्र कुठेच नव्हती. सात लेकरं, एकवीस नातवंडं आणि नव्वदीच्या जवळ पोचलेलं वय, एवढ्या सगळ्यात तिचा ‘मी’ एकदाही आला नव्हता.

मोठं कुटुंब उभं करणाऱ्या बायकांना विचारलं की त्या इतरांची चरित्रं सांगतात. म्हणून हे काम इतर मुलाखतींसारखं करून भागत नाही. दोन वर्षं चुकत-माकत जे हाती लागलं, ते इथे क्रमानं मांडतो.

१. बोलायला बसण्याआधी वयाचा तक्ता करा

एका कागदावर साल लिहा, शेजारी त्या साली घरात काय घडलं ते, आणि तिसऱ्या रकान्यात त्या वेळी आजीचं वय. लग्न, प्रत्येक मुलाचा जन्म, घर बदलणं, कुणाचं जाणं. ही माहिती काका, आत्या, मावश्या आणि जुनी कागदपत्रं यांच्याकडून आधीच गोळा करा. आजीशी बोलायचा वेळ सनावळ्या विचारण्यात घालवू नका.

तिसरा रकाना भरताना हात थांबतो. थोरल्याच्या जन्मापासून धाकटं पाच वर्षांचं होईपर्यंतची वर्षं मोजून पाहा. माझ्या आजीची ती एकवीस भरली. एकवीस वर्षं घरात सतत कुणीतरी पाच वर्षांच्या आतलं होतं. हा आकडा समोर असला की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

दोन मुलांमध्ये मोठं अंतर दिसलं तर तिथे प्रश्नचिन्ह करून ठेवा. एखादं मूल राहिलं नसेल. हे चारचौघांत विचारायचं नाही. ती आणि तुम्ही दोघंच असताना, आणि तेही तिला बोलावंसं वाटलं तरच.

२. बैठक लहान ठेवा

ती ताजीतवानी असते ती वेळ निवडा. पाऊण तास ते एक तास पुरे. थकवा आला की माणूस ठरलेल्या, पाठ झालेल्या गोष्टींकडे वळतो.

फोनवर रेकॉर्डिंग उत्तम होतं. फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या कापडावर ठेवा म्हणजे टेबलाचे धक्के त्यात उतरणार नाहीत, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर असू द्या. पंखा आणि टीव्ही बंद. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं मोठ्यानं बोला.

म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण पुसट होतात. ओरडून उपयोग होत नाही. समोरासमोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या आणि खालच्या पट्टीत, सावकाश बोला. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी आधी तपासा.

हे कोण ऐकणार, कोण वाचणार, ते तिला स्पष्ट सांगून परवानगी घ्या. दारातून येणारी-जाणारी माणसं “आजी, तसं नव्हतं ग” म्हणत राहिली तर त्यांना नम्रपणे बाहेर बसवा.

३. क्रियापदं ऐका

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे. या पिढीच्या बायका आपलं कर्तृत्व व्याकरणात लपवतात. “सगळं निभावलं गेलं.” “मुलं शिकली.” “करावं लागलं.” “आम्ही घर बांधलं.” या वाक्यांत कर्ता म्हणून ती स्वतः कुठेच नाही, फार तर ‘आम्ही’ आहे. असं वाक्य आलं की ते टिपून ठेवा, तिला मध्येच तोडू नका, आणि गोष्ट संपल्यावर हळूच विचारा, “मुलं शिकली म्हणतेस, फीचे पैसे कुणी उभे केले?” “आम्ही म्हणजे कोण कोण? त्यात तुझ्याकडे काय होतं?” माझ्या आजीच्या “झालं कसंबसं” या दोन शब्दांमागे तीन वर्षं रात्री जागून केलेलं शिवणकाम होतं. तिच्या मुलांनाही ते पुरतं माहीत नव्हतं.

‘आयुष्य’ विचारू नका, एक दिवस विचारा. घर माणसांनी सर्वांत जास्त भरलेलं होतं तेव्हाचा, डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंतचा. पहिलं उठायचं कोण? तुझी झोपायची जागा कुठली? पैसे कुणाच्या हातात असायचे? तू आजारी पडलीस तर तुझं काम कोण करायचं? अगदी तुझी स्वतःची अशी वस्तू कोणती होती, आणि ती कुठे ठेवायचीस? शेवटच्या प्रश्नावर आजी बराच वेळ गप्प राहिली. मग एका कुलुपाच्या पेटीची गोष्ट निघाली आणि ती पुढच्या दोन बैठका पुरली.

अशी शांतता आली की मनात दहापर्यंत मोजा. पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो, तो आवरा.

दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी बहुतेकांना उतारवयात सर्वांत जास्त आणि सर्वांत ठसठशीत आठवतात. स्मृतीच्या अभ्यासकांना हे १९८०च्या दशकापासून चांगलं माहीत आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करा, आणि लग्नाआधीच्या मुलीला विसरू नका. ती कशात हुशार होती, कुणाशी भांडायची, तिला काय व्हायचं होतं? घरच्यांपैकी कुणी हे बहुधा विचारलेलंच नसतं.

४. साल विचारू नका, कडेवर कोण होतं ते विचारा

जुनी घटना आहे त्यापेक्षा अलीकडची वाटणं हा स्मरणशक्तीचा नेहमीचा दोष आहे. त्यामुळे “कोणत्या साली?” याचं उत्तर चुकायची शक्यता मोठी. “तेव्हा कडेवर कोण होतं? कोण चालायला लागलं होतं?” असं विचारा. लेकरांच्या हिशेबानं आजीचा काळ पक्का असतो. सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या घटनाही कामी येतात. माणूस चंद्रावर उतरला तो दिवस २० जुलै १९६९. ती बातमी कळली तेव्हा घरात कोण कोण होतं, एवढं आठवलं तरी बरंच जुळतं. मग आपला तक्ता काढून ताळा करा.

भावंडांच्या आठवणी तिच्या आठवणीशी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं ते नोंदवून.

५. दुखरी जागा आली तर

रेकॉर्डिंग थांबवू का, असं विचारा आणि ती ‘हो’ म्हणाली तर खरोखर थांबवा. त्या दिवशी पुढे काहीही विचारू नका, नुसते बसून राहा.

विस्मरणाचा आजार सुरू झाला असेल तर “आठवतं का?” हा प्रश्न पूर्ण टाळा, ती परीक्षा वाटते. हातात जुना फोटो किंवा रोजच्या वापरातली वस्तू द्या. अलीकडचं पुसलं गेलं तरी पूर्वीचं बऱ्याचदा पुष्कळ काळ टिकून असतं. तिनं माणसांची नावं चुकवली तरी दुरुस्त करत बसू नका, ते काम तक्त्याचं.

६. जपणूक

शक्य असेल तर रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच वाहिनीवर (मोनो) घेतलं तर तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. लहान फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, बोटाचा जोर न देता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

७. लिहिताना

एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. तेवढे द्या. तिची बोली शुद्ध करू नका. तिचा ‘न्हाई’ आणि तिचं अर्धवट सोडलेलं वाक्य तिचंच राहू द्या.

‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ असले शब्द मी पहिल्या मसुद्यात भरपूर वापरले होते. ते सगळे काढले. असा शब्द लिहिला की आपल्याला वाटतं सांगून झालं, आणि रात्रीचं शिवणकाम, तिचा राग, तिनं घेतलेले आणि चुकलेले निर्णय लिहायचे राहून जातात. एखाद्या लेकीवर अन्याय झाला असं तिला वाटत असेल तर तिच्या परवानगीनं तेही येऊ द्या.

मसुदा झाला की अठरा पॉइंटपेक्षा मोठ्या अक्षरांत छापा आणि आधी तिलाच वाचून दाखवा. काढायचं काय, ठेवायचं काय, ते ती ठरवेल. मी लिहिलं होतं, “तिनं सगळ्यांचं आनंदानं केलं.” आजीनं हात वर करून थांबवलं. “आनंदानं काढ,” म्हणाली. “केलं, एवढंच ठेव.” मग त्या एका शब्दावरून ती अर्धा तास बोलली, आणि ते बोलणं आधीच्या कुठल्याच बैठकीत आलं नव्हतं. फोन तेव्हा माझ्या खिशात बंद होता. म्हणून वाचून दाखवायला बसाल त्या दिवशीही रेकॉर्डिंग सुरू ठेवा.