अपघाताचा फोटो फिरू लागल्यावर घरातल्यांनी काय करावे

धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईजवळ, समृद्धी महामार्गावर जालन्याच्या किंवा वैजापूरच्या हद्दीत, नाहीतर लातूर-नांदेड रस्त्यावर एखादी गाडी ट्रकवर आदळली की मदतीला धावणाऱ्यांच्या बरोबरीने मोबाइल उंच धरणारेही जमतात. त्यांनी काढलेला फोटो आधी रस्त्यालगतच्या गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर जातो, तिथून तालुक्याच्या बातम्यांच्या गटांवर पसरतो आणि पुष्कळदा मातीची वेळ कळवणारा संदेश निघण्याआधीच भावकीच्या गटावर येऊन पडतो. पुढील सूचना मृताच्या आईवडिलांसाठी किंवा पत्नीसाठी नाहीत, कारण त्या अवस्थेत त्यांच्याकडून यातले काही होणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. घरातला जो चुलता, मामा, मेहुणा किंवा मित्र दवाखान्याची आणि पोलीस ठाण्याची धावपळ करतो, त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या एका माणसासाठी हे लिहिले आहे.

‘दुसरा माणूस’ असे मी मुद्दाम म्हणतो. शवविच्छेदनाचे कागद, रुग्णवाहिका, मातीची तयारी आणि येणारे पाहुणे यांत गुंतलेल्या माणसावर फोटोचे कामही टाकले, तर ते काम मागे पडते आणि पहिली रात्र निघून जाते. फोन नीट हाताळता येणारा, आवाज न चढवता बोलणारा आणि शक्यतो तो फोटो पाहूनही तग धरू शकेल असा एक जण निवडावा व घरात सर्वांना सांगावे की फोटोविषयी जे काही येईल ते फक्त त्याच्याकडे पाठवायचे. पाच जणांनी पाच ठिकाणी भांडण्यापेक्षा एकाने पन्नास फोन केलेले अधिक उपयोगी पडतात. त्याच्याही मनावर या कामाचा भार पडतो, म्हणून रात्री त्याच्यासोबत कोणीतरी बसावे.

पहिले काम जगभरातून फोटो पुसण्याचे नसून तो घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर येऊ न देण्याचे आहे. आई, पत्नी, बहीण आणि मुले यांचे फोन त्यांच्या संमतीने ताब्यात घ्यावेत. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’खाली जाऊन फोटो व व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करावे, गावाचे व बातम्यांचे गट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावेत आणि ओळखीच्या मंडळींचे स्टेटसही म्यूट करावेत. स्टेटसकडे हमखास दुर्लक्ष होते. आमच्या नात्यात एका आईने आपल्या मुलाचा तसला फोटो चौथ्या दिवशी पाहिला आणि तो कोणा परक्याने पाठवलेला नव्हता. मुलाच्याच मित्राने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून, एका बाजूला त्याचा हसरा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला चेंदामेंदा झालेली गाडी व तिच्यातला देह, असे जोडचित्र स्टेटसला ठेवले होते. त्या मित्राच्या मनात वाईट काही नव्हते, पण त्या माउलीला त्यानंतर मुलाचा दुसरा कोणताही चेहरा आठवेनासा झाला. शाळकरी मुलांच्या बाबतीत फोन काढून घेणे पुरेसे नाही, कारण वर्गातले कोणीतरी दाखवतेच. म्हणून शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून कल्पना द्यावी.

यानंतर गटांकडे वळावे. व्हॉट्सअॅपवरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरते कूटबद्ध असतात, त्यामुळे कंपनीला एक बटण दाबून सगळ्यांच्या फोनमधून एखादा फोटो नाहीसा करता येत नाही. तो काढू शकतात दोघेच: ज्याने टाकला तो आणि त्या गटाचा अॅडमिन. पाठवणाऱ्याला ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ हा पर्याय साधारण अडीच दिवसांपर्यंतच मिळतो, म्हणून पहिली रात्र आणि दुसरा दिवस यांना इतके महत्त्व आहे. फोटोवर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ अशी खूण दिसली, तर तो किमान पाच हातांतून आला आहे असे समजावे. असा संदेश एका वेळी एकाच गटात पुढे पाठवता येतो; कंपनीने ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये घातली. तिने वेग कमी होतो, प्रवाह थांबत नाही.

अॅडमिनला धमकावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे, आणि ही गोष्ट बहुतेक अॅडमिनना आता ठाऊक असते. माझ्या अनुभवात कायद्याच्या भाषेपेक्षा नात्याची भाषा लवकर काम करते. आपल्याकडे कोणत्याही गावच्या गटात कोणी ना कोणी सोयरा, वर्गमित्र किंवा ओळखीचे गुरुजी सापडतातच; आधी त्यांना फोन करावा आणि मग अॅडमिनला पुढीलप्रमाणे संदेश पाठवावा: ‘दादा, नमस्कार. आपल्या गटावर आज दुपारच्या अपघाताचा फोटो आला आहे. त्यात गेलेला मुलगा माझा पुतण्या आहे. त्याच्या आईने व बहिणीने तो अजून पाहिलेला नाही. कृपया तो सर्वांसाठी डिलीट करावा आणि ज्यांनी सेव्ह केला असेल त्यांनीही काढून टाकावा, एवढे गटावर सांगावे. हात जोडून विनंती.’ या संदेशासोबत फोटो पुन्हा जोडू नये. ही चूक नेहमी होते. ‘हा फोटो पाठवू नका’ असे लिहून तोच फोटो आणखी दहा गटांत जातो.

काही जण ओळख पटावी म्हणून फोटो टाकल्याचे सांगतात आणि ते खरेही असते, कारण रात्री रस्त्यावर पडलेला माणूस कोणाचा हे कळायला दुसरा मार्ग नाही असे त्यांना वाटते. त्यांना एवढेच सांगावे की गाडीचा क्रमांक, कपड्यांचा रंग आणि ठिकाण ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या ठाण्याला कळवले की ओळख पटवण्याचे काम पोलिसांकडून होते. त्यासाठी चेहरा गटावर टाकण्याची गरज नाही.

डिलीट करायला लावण्याच्या घाईत एक नुकसान होऊ शकते आणि ते मागाहून लक्षात येते. ऊस हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून माणूस गेला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर ती ट्रॉली कुठे उभी होती, मागे दिवा किंवा पट्टी होती का, टायरच्या खुणा कुठपर्यंत होत्या, हे सगळे अशाच एखाद्या फोटोत दिसत असते. म्हणून फोटो फिरणे थांबवावे, पण प्रत्येक निराळ्या फोटोची एक प्रत त्या नेमलेल्या माणसाने पेन ड्राइव्हमध्ये घेऊन पाकिटात बंद करावी आणि वकिलाकडे द्यावी. घरच्या कपाटात ठेवू नये. ज्याने तो फोटो काढला त्याचे नाव मिळाले तर लिहून ठेवावे व मूळ फाइल जपून ठेवायला सांगावे, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. फोटो कोणी, कोणत्या गटात, किती वाजता टाकला याचे स्क्रीनशॉटही तक्रारीसाठी याच वेळी घ्यावेत, कारण डिलीट झाल्यावर तेही मिळत नाहीत.

समाजमाध्यमांची रीत प्रत्येकाची वेगळी आहे. यूट्यूबवर खासगीपणाची तक्रार करण्याची स्वतंत्र प्रक्रिया असून मृत व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकाला ती करता येते. तक्रार स्वीकारली गेल्यास व्हिडिओ टाकणाऱ्याला तो काढण्यासाठी ४८ तास दिले जातात आणि नंतर कंपनी स्वतः निर्णय घेते. एक्सवर गंभीर इजेच्या क्षणापासून मृत्यूच्या आधीच्या व नंतरच्या काळातील चित्रे काढण्याची विनंती निकटच्या कुटुंबीयांना करता येते. फेसबुक व इन्स्टाग्रामवर रक्तबंबाळ दृश्यांवर अनेकदा फक्त इशाऱ्याचा पडदा टाकला जातो. तिथे ‘रिपोर्ट’ केल्यावर उत्तर नकाराचे आले, तरी थांबू नये. प्रत्येक ठिकाणी पोस्टचा नेमका दुवा द्यावा, पानाचे नाव पुरत नाही. मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद स्कॅन करून तयार ठेवावा. दाखल्याला उशीर लागत असेल, तर तोपर्यंत निदान साधे ‘रिपोर्ट’ करून ठेवावे.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. सामान्य ‘रिपोर्ट’ला दाद मिळाली नाही, तर त्या अधिकाऱ्याला ईमेल करावा, त्याचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. अपघातात कपडे फाटून देह उघडा पडलेला दिसत असेल, तर तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे, कारण उघड्या देहाच्या चित्रांसाठी नियमांत काही तासांची वेगळी मुदत आहे. लिहायला लाज वाटते, तरीही लिहावे.

पोलीस ठाण्यात जाताना कोणत्या कलमावर बोट ठेवायचे हे पाहून जावे, कारण चुकीचे कलम सांगणारे सल्लागार गावोगावी भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले आहे. त्याच कायद्याचे कलम ६६ई संमतीशिवाय टिपलेल्या गुप्तांगाच्या चित्रांपुरते आहे आणि कलम ६७ अश्लील मजकुराचे आहे; रक्ताचा फोटो त्यांत सहज बसत नाही. मात्र फोटोसोबत ‘दारू पिऊन चालवत होता’ किंवा ‘गाडीत बरोबर कोण होती’ असा खोटा मजकूर लिहिला गेला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे पहिले स्पष्टीकरण कामाला येते: मृत व्यक्तीविषयीचे कथन, ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाधक ठरले असते आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा त्यामागे हेतू असेल, तर तेही बदनामी ठरू शकते. गाडीत मुलगी असली की असे लिहिणाऱ्यांच्या बोटांना धार येते, आणि त्या शब्दांची जखम फोटोहून जास्त काळ राहते, असे मला वाटते. तक्रार cybercrime.gov.in या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलऐवजी प्रत्यक्ष ठाण्यात लेखी देणे मी पसंत करतो, कारण शिक्क्यासह पोच हातात येते. पोर्टलवर ती नंतर नोंदवता येते. १९३० हा क्रमांक प्रामुख्याने आर्थिक फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नये.

वृत्तपत्राने किंवा वाहिनीने फोटो छापला अथवा दाखवला, तर संपादकाला त्याच दिवशी फोन करावा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी खासगी वाहिन्यांना मृतदेह व रक्तबंबाळ जखमींची दृश्ये धूसर न करता दाखवण्याबद्दल खडसावले होते. त्या पत्राचा उल्लेख केला की बोलणे लवकर आवरते. वृत्तपत्राविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

फोटो पंचनाम्याच्या वेळचा किंवा शवागारातला असेल, तर तो बघ्याने काढलेला नसतो. अशा वेळी मागची भिंत, हातमोजे, शवागाराचा ओटा यांवरून जागा ओळखावी आणि तक्रार ठाण्याकडे न देता थेट पोलीस अधीक्षकांकडे किंवा रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी द्यावी. कॅलिफोर्नियात २००६ मध्ये अपघातात गेलेल्या एका तरुणीचे फोटो महामार्ग पोलिसांच्याच कर्मचाऱ्यांनी बाहेर पाठवले आणि ते तिच्या वडिलांपर्यंतही येऊन पोहोचले. तेथील अपील न्यायालयाने २०१० मध्ये कुटुंबाचा दावा ग्राह्य धरला आणि २०१२ मध्ये सुमारे २३ लाख ७० हजार डॉलरची तडजोड झाली. फोटो मात्र इंटरनेटवरून गेले नाहीत. न्यायालयात जायचे असेल तर जावे, छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे आणि न्यायालयाचा आदेश असला की कंपन्यांना मजकूर काढणे टाळता येत नाही. पण निकालाच्या आशेवर पहिल्या रात्रीचे फोन करायचे राहू देऊ नयेत.

तेरावा झाला की लोक पांगतात आणि फोटोही थंडावतो. तो पुन्हा वर येतो तेव्हा त्याच रस्त्यावर दुसरा अपघात झालेला असतो आणि एखादे पोर्टल जुनाच फोटो नव्या बातमीला लावते, किंवा वर्षश्राद्धाच्या सुमारास कोणाच्या फोनवर ‘आठवणी’ म्हणून ती पोस्ट उगवते. म्हणून ज्या गटांशी व पोर्टलांशी बोलणे झाले त्यांची नावे, तारखा आणि फोन क्रमांक एका वहीत लिहून ठेवावेत, आणि वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी त्या वहीवरून पुन्हा एकदा फोन करावेत.