बोर्ड चढायच्या आधी: एलईडी पॅनलच्या ०-१० व्होल्ट डिमिंगची तयारी

एखादी अभ्यासिका घ्या. जिप्सम सीलिंगमध्ये बसणारी ३६ वॅटची २० पॅनल, आणि सगळ्यांचा उजेड एकाच नॉबवर कमी-जास्त करायचाय. ०-१० व्होल्ट पद्धतीत हे मेनशिवायच्या वेगळ्या दोन वायरींवरच्या डीसी व्होल्टेजने होतं: १० ला पूर्ण उजेड, खाली येईल तसा कमी. बोर्ड चढल्यावर नवीन वायर ओढायची म्हणजे कटआउटमधून आंधळी कोशिंबीर, तेव्हा खालचं सगळं फ्रेम उघडी असतानाच उरका.

ऑर्डर देण्याआधी ड्रायव्हरचं, म्हणजे पॅनलला वीज पुरवणाऱ्या डबीचं, स्टिकर वाचा. त्यावर डिम प्लस, डिम मायनस अशी वेगळी जोडी दिसली पाहिजे. दुकानदार नुसतं ‘डिमेबल आहे’ म्हणाला तर ट्रायॅक (फेज कापणारा), डाली (डिजिटल सिग्नलवरचा) की ०-१०, हे विचारून घ्या. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा फेज कापणारा डिमर या ड्रायव्हरला चालत नाही. डिमची जोडी आतून मेनपासून आयसोलेटेड, म्हणजे विजेच्या दृष्टीने तुटक, आहे का, तेही डेटाशीटमध्ये बघा. नसेल तर ती वायर २३० व्होल्टचीच समजायची. सगळे ड्रायव्हर एकाच मॉडेलचे घ्या आणि एक-दोन जास्तीचे ठेवा. नंतर दुसऱ्या मेकचा बसवला की ३ व्होल्टला तो शेजाऱ्यापेक्षा वेगळाच उजेड देतो.

डिमर निवडताना बरेच जण गडबडतात. या पद्धतीत करंट ड्रायव्हर सोडतो आणि डिमर तो शोषून व्होल्टेज खाली ओढतो. ड्रायव्हरमागे ०.१५ मिलिअँपिअर धरले तर २० चे ३ होतात, पण आयईसी ६०९२९ या आंतरराष्ट्रीय मानकाची ड्रायव्हरमागे कमाल मर्यादा २ मिलिअँपिअर आहे, म्हणजे ४० सुद्धा होऊ शकतात. डिमर तेवढे झेलणारा नसेल तर दिवे पूर्ण खाली उतरतच नाहीत. नुसता पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलणारा नॉब) लावणार असाल तर, ज्या ड्रायव्हरला एकट्याला १०० किलोओहम सांगितलाय तिथे २० ना मिळून ५ किलोओहमचा लागतो. आणि डिमिंग शून्यावर नेलं तरी बरेच ड्रायव्हर विझत नाहीत, म्हणून फेजला वेगळा स्विच हवाच.

वायरच्या जाडीचा बाऊ करू नका. १ चौरस मिलिमीटर तांब्याला किलोमीटरमागे साधारण १८ ओहम. डिमर ५० मीटर लांब असला तर जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे १.८ ओहम, ३ मिलिअँपिअरला जेमतेम ५ मिलिव्होल्ट पडतात. खरा त्रास शेजारून जाणाऱ्या मेनचा, त्याने लाइट थरथरतात. डिमिंगला वेगळा पाइप टाका, मेनला ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडा, जोडीला पीळ द्या. कुठे एकाच बॉक्समध्ये दोन्ही येणं टळत नसेल तर डिमिंगलाही ११०० व्होल्ट ग्रेडचीच वायर हवी. उरलेली टेलिफोनची वायर वापरायचा मोह आवरा.

रंग आधीच ठरवा आणि वायरमनला कागदावर लिहून द्या. लाल, पिवळा, निळा, काळा, हिरवा मेनसाठी. डिम प्लस जांभळी, डिम मायनस राखाडी. २० पैकी एकाचीही उलटी लागली की बहुतेक वेळा सगळा गट मंद पडतो, आणि दोषी कोण ते खालून कळत नाही. म्हणून पॅनल एकेक करून डिमिंगच्या सामाईक जोडीला जोडा आणि दर वेळी उजेड बघा. जॉइंट लिव्हर कनेक्टरचे. पिळून टेप गुंडाळलेले नकोत.

ड्रायव्हर आणि डिमर जोडण्याआधीच मेगरिंग, म्हणजे ५०० व्होल्ट देऊन वायरच्या इन्सुलेशनची तपासणी, उरका. ते व्होल्ट ड्रायव्हरच्या डिमिंग टर्मिनलवर गेले तर तो तिथेच संपला. डिमिंगची जोडी मेनशी आणि अर्थशी कुठे लागली नाही ना, हेही त्यातच कळतं. २३० व्होल्टचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. पॅनल दोन फेजवर वाटलेली असतील तर एक एमसीबी पाडली तरी दुसरी फेज चालूच असते, हे शिडीवर चढणाऱ्याला आधी सांगा.

मग जोडणी झाली की, डिमर लावण्याआधी त्याच्या जागी मल्टीमीटर धरा. मोकळ्या जोडीवर १० व्होल्ट डीसीच्या आसपास दिसायला हवेत आणि दिवे पूर्ण. तीच दोन टोकं एकमेकांना टेकवली की सगळे एकसाथ किमानावर यायला हवेत. एखादं मागे राहिलं तर त्याची वायर तुटलेली किंवा सुटलेली. हे जमलं की जंक्शन बॉक्सवर नंबर टाका, मेजर टेप धरून पाइपांचे फोटो काढा आणि पीओपीवाल्याला बोलवा.