नागपूरच्या हवेत जुनी बस-रेल्वे तिकिटं जपायची कशी

घरात जुनी तिकिटं सापडतात ती बहुधा पोथीच्या पानांत, नाहीतर ट्रंकेतल्या पत्रांच्या गठ्ठ्यात. एसटी शहर बस चालवायची तेव्हाचं पातळ रंगीत चिटोरं असतं, इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट असतं. पण सगळ्यांत आधी हात घालायचा तो कालच्या 'आपली बस'च्या, म्हणजे आजच्या शहर बसच्या तिकिटाला. जुनी इतकी वर्षं टिकली, आणखीही टिकतील. हे मात्र दोन-तीन उन्हाळ्यांत कोरं होऊ शकतं.

कारण त्यावर शाई नसतेच. थर्मल कागदावर रसायनाचा थर असतो आणि मशीन तो तापवून अक्षरं काळी करते. ओळखायचं असेल तर कोऱ्या कडेवर नखाने झर्रकन रेघ ओढा. करडी रेघ उठली की थर्मल. असं तिकीट घरी आल्याबरोबर ६०० डीपीआयला स्कॅन करा, मगच पाकिटात घाला. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तर ते काळवंडतं, सॅनिटायझरचा ओला हात लागला तर काळा डाग पडतो, उजेडात अक्षरं फिकी होतात. लॅमिनेशन तर मुळीच नको. मशीनच्या उष्णतेने अख्खं तिकीट काळंठिक्कर होतं.

पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट साधारण ५७ बाय ३१ मिलिमीटरचं, चांगलं जाड. रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असलेली, म्हणजे नॅरो गेजची नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या गाडीची तिकिटं आता नव्याने येणार नाहीत. त्यावरची तारीख शाईची नसून दाबून उमटवलेली असेल, तर ती वरच्या उजेडात दिसत नाही. टॉर्च बाजूने, जवळजवळ कागदाला टेकवून धरा. खळग्यांत सावली पडते आणि आकडे वाचता येतात. फोटोही तसाच काढा. अशी तिकिटं वजनाखाली दाबू नका, तारीख सपाट होते. मोतीबागेतल्या नॅरो गेज संग्रहालयात (२००२ पासून) एक चक्कर मारली तर या गाड्यांचं सगळं जग डोळ्यांपुढे उभं राहतं.

बसच्या पातळ तिकिटावर कंडक्टरच्या चिमट्याचं भोक असतं. ते बुजवू नका, कडा कापून नीट करू नका. तिकीट खरंच वापरलं गेलं याची खूण तीच.

घडी मोडायची असेल तर आधी शाई तपासा. ओलसर कापूस अक्षराच्या टोकाला टेकवा. जांभळा रंग उतरला तर घडी तशीच राहू द्या. नाही उतरला तर झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर वाटीवर चाळणी, चाळणीत तिकीट. दर अर्ध्या तासाने पाहा. कागद मऊ झाला की टीपकागदाच्या दोन तुकड्यांत ठेवून जाड पुस्तकाखाली दोन दिवस. उन्हाळ्यात कागद कडक असतो, कोरडी घडी उलगडायला गेलात तर रेघेवरच तुटतो. थर्मल तिकिटावर हा प्रयोग नको.

गंजलेली टाचणी किंवा स्टेपल ओढून काढू नका. मागचे पाय पातळ पात्याने सरळ करा, पिन आणि कागदामध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवा, मग वर उचला. सेलोटेप आणि फेविकॉल पूर्ण वर्ज्य.

पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येणारा अल्बम पीव्हीसीचा असतो. त्यातली द्रव्यं थर्मल अक्षरं पुसून टाकतात.

आता जागा, आणि नागपुरात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो. बाहेर हवा सुकी ठणठणीत, खोलीत मात्र दमट, आणि अल्बम नेमका कूलरसमोरच्या शेल्फवर. कागद फुगतो, बुरशी धरतो, कसर लागते. संग्रह कूलर नसलेल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवा. गच्चीखालच्या माळ्यावर नको. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर त्या अल्बमला टेकू देऊ नका.

नोंद तिकिटावर नाही, तिकिटामागे ठेवलेल्या वेगळ्या कागदावर, पेन्सिलने: तारीख, मार्ग, भाडं, कुणाकडून मिळालं. थांब्यांची नावं बोलतो तशीही लिहा. छापील 'सीताबर्डी'शेजारी 'बर्डी' हवंच.