रूट कॅनॉलची भीती वाटते ना? मग निदान या चुका टाळा

सोळा वर्षं झाली, नाशिकच्या पंचवटीत दिंडोरी नाक्याजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात मी असिस्टंट आहे. डॉक्टर मॅडम पेशंटच्या उजव्या हाताला बसतात आणि मी डाव्या हाताला, सक्शनची नळी धरून. मॅडमची नजर दाढेत असते, माझी पेशंटच्या पायांकडे. तोंड उघडं असलेला माणूस बोलू शकत नाही, पण घाबरला असला की त्याच्या पायाची बोटं आवळलेली दिसतात. खुर्चीत बसणाऱ्या दहा जणांत सात-आठ जणांची बोटं आवळलेली असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पण त्या भीतीपायी माणसं जे करून बसतात ते बघून जीव कातावतो. वर्षानुवर्षं चुका त्याच. माणूस ज्या दुखण्याला भितो, ते दुखणं बहुतेक वेळा या चुकांमुळेच त्याच्या वाट्याला येतं. वेळेवर आलेल्या पेशंटच्या रूट कॅनॉलमध्ये इंजेक्शनच्या टोचणीपलीकडे सहसा फारसं काही दुखत नाही.

ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून आधी हीच.

दाढेच्या आत मऊ भाग असतो, त्याला आपण सगळे नस म्हणतो. कीड तिथपर्यंत पोहोचली की नस सुजते. ही नस काढून आतली जागा साफ करून भरायची, म्हणजे रूट कॅनॉल. बाहेरून दाढ दगडासारखी टणक, त्यामुळे सुजायला आत जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. रात्री आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका आणखी चढतो. असे काही दिवस किंवा आठवडे जातात आणि एके सकाळी ठणका गायब. घरचे म्हणतात, बघ, गोळीने बरं वाटलं. खरं तर नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण तिच्यातले जंतू जिवंत असतात आणि मुळाच्या टोकातून खाली हाडात उतरत असतात.

पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार काका होते. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्यांची खालची दाढ दुखायला लागली. छाटणी उरकू दे, मग बघू. मग द्राक्षांवर डाउनी हा रोग आला, फवारण्यांमागे धावपळ. मधल्या काळात मेडिकलमधून गोळ्या आणायचे, दुखणं थांबलं की बंद करायचे. अँटिबायोटिकसुद्धा दोनच दिवस घ्यायची आणि उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवायची. डिसेंबरात दुखणं आपोआप थांबलं. जानेवारीच्या शेवटी, ऐन माल काढणीच्या तोंडावर, बायको आणि मुलगा त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आले. उजवा गाल जबड्यापर्यंत सुजलेला, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. मला म्हणाले, "ताई, उपटून टाका ती दाढ, पण सुई नका देऊ." लहानपणी त्यांचा एक दात नीट भूल न देता काढला होता, दोन माणसांनी खांदे दाबून धरले होते म्हणे. पन्नास वर्षं ती आठवण त्यांच्या अंगात होती.

मॅडमनी समजूत घालून इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी ओठ बधिर झाला, पण दाढेला नुसता स्पर्श झाला तरी काका खुर्चीतून उठले. पुन्हा एक इंजेक्शन, तरी तेच. हे का होतं ते प्रत्येकाला कळायला हवं. सूज आणि पू झालेल्या जागी आम्लता वाढते, आणि तिथे भुलीचं औषध नसेच्या आत नीट शिरू शकत नाही. औषध तेच, डॉक्टर तेच, पण दाढेला उशीर झालेला असतो. मॅडम तिथेच थांबल्या. पू निघायला वाट करून दिली, औषधं लिहून दिली आणि सहा दिवसांनी बोलावलं. सूज उतरल्यावर त्याच दाढेत त्याच औषधाच्या एका इंजेक्शनमध्ये काम झालं. मी पायांकडे बघत होते, बोटं सैल होती. बाहेर त्यांची बायको मला सांगत होती, "दुखत होतं तोवर हे रोज रात्री अंगणात फेऱ्या मारत होते. मला उठवायचे नाहीत, एकटेच फिरायचे."

त्या रात्रींचं मला फार वाईट वाटतं. त्यातली एकही गरजेची नव्हती.

माझ्या घरच्यांना मी एकच खूण सांगून ठेवली आहे. गार पाणी प्यायल्यावर आलेली कळ ग्लास खाली ठेवल्यानंतरही अर्धा मिनिट राहिली, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा. छाटणी असो, परीक्षा असो की लग्नघर. आणि सूज जबड्याखाली मानेकडे उतरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दातांचा दवाखाना उघडायची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. अशी सूज जिवावर बेतू शकते.

"मला काही होत नाही, करा सुरू"

भीती लपवणारी माणसं रडणाऱ्या माणसांपेक्षा जास्त अडचणीत येतात. रडणाऱ्याला आम्ही सांभाळतो, लपवणाऱ्याचं आम्हाला कळतच नाही.

आडगावच्या ट्रक टर्मिनलवरचे एक ड्रायव्हर आले होते. रात्री-बेरात्री कसारा घाट उतरवणारा माणूस, धिप्पाड, हसतमुख. "मॅडम, मला काही होत नाही, करा सुरू." इंजेक्शन शांतपणे घेतलं. पण मशीन सुरू झालं आणि काही सेकंदांत त्यांनी मॅडमचं मनगटच धरलं. ते मशीन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. मॅडमनी पाय पेडलवरून लगेच काढला म्हणून गालाला आतून नुसता ओरखडा आला. तीच जखम जिभेवर खोल झाली असती. नंतर पाणी देताना मी विचारलं, "भाऊ, दुखलं का?" म्हणाले, "दुखलं नाही ताई, त्या आवाजाने छातीत धस्स होतं." हे वाक्य पाच मिनिटं आधी मिळालं असतं तर आम्ही सगळं वेगळ्या पद्धतीने केलं असतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला खुर्चीत बसण्याआधीच विचारते: सुईची भीती, आवाजाची, की गुदमरण्याची? "सगळ्याचीच" असं उत्तर आलं तरी चालतं, पण बोला. कारण प्रत्येक भीतीवरचा उपाय वेगळा आहे.

सुईची असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावून दोन मिनिटं थांबायचं. घाईच्या दिवशीही मी ही दोन मिनिटं सोडू देत नाही. आताची सुई एकदाच वापरायची आणि साधारण 0.3 ते 0.4 मिलीमीटर जाडीची असते. आजी-आजोबांच्या काळातली उकळून पुन्हा वापरलेली जाड सुई ज्यांनी सोसली, त्यांच्या गोष्टी खऱ्या होत्या, पण ती सुई आता नाही. औषध भरभर ढकललं तर जास्त दुखतं, म्हणून मॅडम पाऊण-एक मिनिट घेऊन हळूहळू देतात. तुमच्या डॉक्टरांना "सावकाश द्या" असं बिनधास्त सांगा, त्यात त्यांचा अपमान नाही. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा थोडं अॅड्रेनलिन असतं, त्यामुळे काही जणांचं काळीज दोन-चार मिनिटं धडधडतं. हार्ट अटॅक आला असं वाटून लोक गांगरतात. आधी माहीत असलं की गांगरत नाहीत. पण हृदयाचा आजार असेल तर तो डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधीच सांगायचा.

आवाजाची असेल तर कानात इअरफोन घालून या. एका आजींनी पूर्ण वेळ हरिपाठ लावला होता आणि मधे मधे त्यांचा अंगठा टाळाच्या लयीत हलत होता. आवाज मात्र बेताचाच ठेवा, डॉक्टरांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

गुदमरण्याची असेल तर खुर्ची पूर्ण आडवी करू नका असं सांगा, आणि रबर डॅमबद्दल विचारा. दाढेभोवती ताणून बसवलेलं ते पातळ रबर बघून लोक आणखी घाबरतात, पण त्यामुळेच पाणी, औषध आणि नस साफ करायची बारीक सुईसारखी फाइल घशाकडे जात नाही. श्वास नाकाने. मी पेशंटला चार आकड्यांत आत आणि सहा आकड्यांत बाहेर, असं मोजून दाखवते आणि त्याच्याबरोबर स्वतः मोजते.

आणि डावा हात. "दुखलं तर हात वर करा" असं नुसतं सांगून भागत नाही, मी काम सुरू व्हायच्या आधी तीनदा हात वर करायला लावते आणि मॅडम तिन्ही वेळा थांबतात. आपण हात वर केला की समोरचा खरंच थांबतो, हे अंगाला पटलं की माणूस क्वचितच हात वर करतो. हा सराव तुमच्याकडून कोणी करून घेतला नाही, तर तुम्ही स्वतः मागा. भूल मिळाल्यावरही दाब कळतो, थरथर कळते. त्यासाठी हात वर केला तरी हरकत नाही. टोकदार दुखलं तर लगेच करा, मुकाट सहन करू नका. भूल वाढवता येते.

उपाशीपोटी येणं

भीतीने जेवण जात नाही, शिवाय "उलटी होईल" म्हणून लोक मुद्दाम न खाता येतात. रूट कॅनॉल पूर्ण भूल देऊन होत नाही, त्यामुळे उपाशी राहायची काहीच गरज नसते. भूक आणि घबराट एकत्र आली की चक्कर ठरलेली. पौष वद्य एकादशीला, निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिवशी, एक मावशी त्र्यंबकला पायी जाऊन आल्या आणि निर्जळी उपासाने संध्याकाळी थेट आमच्या खुर्चीत. सुई बघूनच त्या पांढऱ्याफटक पडल्या. पाय वर घेऊन झोपवलं, साखरपाणी दिलं, काम दुसऱ्या दिवशी. तास-दीड तास आधी वरण-भात, पोळी-भाजी, काहीही पोटभर खाऊन या. मधुमेहाची गोळी घेतली आणि खाल्लं नाही, तर ते जास्त धोक्याचं. बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धीर यावा म्हणून घरी केलेले उद्योग

अॅस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवल्याने हिरडी भाजते. लवंगाचं तेल कापसाला टेकवण्यापुरतं ठीक, ओतलं तर तेही भाजतं. सुजलेल्या गालाला गरम शेक देऊ नका. मशेरीने दाढ बरी होत नाही. घोटभर दारू पिऊन आलेल्या पेशंटला आम्ही परत पाठवतो. आदल्या रात्री रूट कॅनॉलचे व्हिडिओ बघू नका. सोबत एकच माणूस आणा, आणि तो स्वतःच्या वाईट अनुभवाच्या गोष्टी न सांगणारा असावा.

"उपटूनच टाका" आणि अर्ध्यात सोडून जाणं

झटपट मोकळं व्हायची घाई मला अजिबात पटत नाही. दाढ काढायलाही तीच सुई लागते, मग भीतीपायी वाचणारी दाढ का घालवायची? दाढ गेली की शेजारच्या दाढा रिकाम्या जागेत कलतात, समोरची दाढ जागा सोडते, चावायची बाजू बदलते. वरचा दात काढला की नजर जाते, हे मात्र खोटं आहे. त्या भीतीने ज्यांचे खरोखर काढण्याजोगे दात राहिलेत, त्यांनी निश्चिंत व्हावं.

दुसरी घाई पहिल्या सिटिंगनंतरची. आत साफ केलं, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट भरलं की ठणका बंद होतो आणि पेशंट गायब होतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत शिरते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दाढेवर शेवटी बसवायच्या टोपीचं, म्हणजे कॅपचंही तसंच. नस काढलेली, कोरलेली दाढ कमजोर असते. कॅप टाळली आणि एक दिवस फुटाणा चावताना दाढ उभी चिरली, तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते. मी पुढच्या दोन्ही तारखा पेशंटच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर लिहायला लावते, खुर्चीतून उठायच्या आधी.

कधी कधी भीती पैशांची असते आणि माणूस सांगतो सुईची. तसं असेल तर तेही मोकळेपणाने बोला. पंचवटीतच महात्मा गांधी विद्यामंदिरचं दंत महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांमध्ये शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खाजगीपेक्षा कमी येतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण दाढ वाचते.

घरी गेल्यावर

ओठ बधिर असताना खायचं नाही. दोन-तीन तास, कधी चार. एक कॉलेजचा मुलगा आमच्याकडून निघून थेट मिसळ खायला गेला आणि संध्याकाळी खालचा ओठ चावून सुजवून परत आला. त्याला रस्साही किती गरम आहे ते कळलं नव्हतं. पुढचे दोन-तीन दिवस चावताना दाढ थोडी हुळहुळते, त्याला घाबरू नका, दुसऱ्या बाजूने खा. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दिवसेंदिवस वाढत गेलं किंवा सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.