इनकल्केट वापरताय? मग या चुका टाळा

शाळेचं माहितीपत्रक घ्या नाहीतर कुठलंही भाषण, 'वी इनकल्केट गुड हॅबिट्स' (आम्ही चांगल्या सवयी बिंबवतो) हे वाक्य असतंच. मीही पहिल्या बायोडाटात झोकात लिहिलं होतं की आय हॅव इनकल्केटेड द हॅबिट ऑफ रीडिंग, आणि इंटरव्ह्यूवाल्या मॅडमनी विचारलं, कोणात? तेव्हा काही कळलंच नाही.

मूळ बघितलं की कळतं. लॅटिनमधे कॅल्क्स म्हणजे टाच, त्यावरून इनकल्कारे म्हणजे टाचेने दाबून आत घालणं, तुडवणं. कुंभार माती तुडवतो ना तसं, एकदा नाही, परत परत. १६व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो याच अर्थाने, घोकून घोकून दुसऱ्याच्या डोक्यात उतरवणं. म्हणजे तुडवणारा एक आणि ज्याच्यात उतरवायचं तो दुसरा, त्यामुळे स्वतःच्या सवयीसाठी हा शब्द जरा विचित्रच वाटतो, तिथे सरळ कल्टिव्हेट लिहा, मशागतीतला शब्द आहे तो. (कॅल्क्स वाचून कॅल्शियम आठवलं असेल तर थांबा, चुन्याचा कॅल्क्स वेगळा, दिसायला फक्त सारखा. टाचेचा खरा भाऊबंद रिकॅल्सिट्रंट, लाथा झाडणारा, म्हणजे हट्टी. एक टाचेने आत दाबतोय आणि दुसरा टाच झाडतोय, घरात मुलं असतील तर दोन्ही शब्द रोज लागतात!)

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 'इनकल्केट चिल्ड्रन विथ व्हॅल्यूज'. काही डिक्शनऱ्यांत हे सापडतं पण परीक्षेत किंवा ऑफिसच्या मेलमधे नकोच. अडलं की मराठीत म्हणून बघा, 'मुलांना बिंबवलं' असं आपण म्हणतो का? नाही, मुलांवर शिस्त बिंबवली म्हणतो, मग इंग्रजीतही शिस्त आधी आणि मुलं इन लावून नंतर, इनकल्केट डिसिप्लिन इन चिल्ड्रन. विथ लावायचाच हट्ट असेल तर इंब्यू (एखाद्या गुणाने भारून टाकणं) घ्या, तिथे माणूस आधी येतो, इंब्यू चिल्ड्रन विथ व्हॅल्यूज.

इनकल्केटच्या जागी इनॉक्युलेट (लस टोचणं) लिहिणारेही भेटलेत मला, आणि स्पेलचेक काही बोलत नाही कारण तोही शब्द बरोबरच आहे. त्यात ऑक्युलस म्हणजे डोळा, झाडाचा डोळा. आपल्याकडे गुलाबाला डोळा भरतात अगदी तेच, लशीचा अर्थ नंतर चिकटला. म्हणजे मुलांना चांगल्या सवयी इनॉक्युलेट केल्या असं लिहिलंत तर वाचणारा विचारेल, सवयींपासून वाचवायची लस दिली की काय.

आणि इन्स्टिल? तेही चालतं, फक्त त्यात स्टिला म्हणजे थेंब आहे, हळूहळू झिरपवणं. आजीने गोष्टी सांगून लावलेली सवय इन्स्टिल, आमच्या पाढेवाल्या सरांची मात्र शंभर टक्के इनकल्केट.