‘ख्रिस्त्यांचा छळ’ अशी बातमी आली, तर ती तपासावी कशी?

नाताळ जवळ आला की इंदुरातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन तऱ्हेचे संदेश फिरू लागतात. एकात देशभर ख्रिस्ती माणसांचा छळ चालल्याचे सांगितलेले असते, दुसऱ्यात छळाचा कांगावा करून धर्मांतरे चालल्याचे. इंदुरातल्या रामबाग या मराठी वस्तीत बसून यांपैकी आवडेल तो पुढे पाठवणे सोपे आहे; ज्यांना तसे करायचे नसेल, त्यांच्यासाठी हे टिपण.

आधी ‘छळ’ हा शब्द फोडून पाहावा. मारहाण व प्रार्थनासभा बंद पाडणे, कायद्यामुळे होणारा जाच, भाऊबंदांनी टाकलेला बहिष्कार आणि पूर्वीचा मान उरला नाही ही खंत, अशा चार वेगळ्या गोष्टी या एका शब्दाखाली खपतात. अमेरिकेतील केंटकी राज्यात २०१५ साली किम डेव्हिस या काउंटी क्लार्कने (विवाहाचे परवाने देणाऱ्या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याने) समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने नाकारले व न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले, तेव्हा समर्थकांनी त्यालाही छळच म्हटले. सरकारी खुर्चीवर बसून दुसऱ्याचा हक्क अडवता न येणे आणि घरात प्रार्थनेला बसल्याबद्दल मार खाणे यांना एकाच मापाने मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकार ठरला की कागद शोधावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर साधारणपणे २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो, संवेदनशील प्रकरणे वगळून. तो मिळाला, तर धारा (‘कलम’ म्हणायचे आपण इंदूरकर केव्हाच विसरलो) वाचण्याआधी तक्रारदार कोण हे पाहावे. मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ च्या धारा ४ नुसार बेकायदा धर्मांतराच्या तपासासाठी धर्मांतरित व्यक्तीची, तिच्या आईवडिलांची किंवा भावंडांची लेखी तक्रार लागते. इतर नातेवाइकांना न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तक्रारदार एखाद्या संघटनेचा पदाधिकारी निघाला, तर पुढचे सगळे त्या नजरेने वाचावे. याच कायद्यात पैतृक धर्मात परतणे हे धर्मांतर मानलेले नाही, आणि आपण गुन्हा केला नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. हे सारे एकाच पक्षाच्या राजवटीत उपजले, असे मात्र समजू नये. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी नियोगी समिती १९५४ साली काँग्रेस सरकारने नेमली होती, आणि १९६८ च्या आपल्या राज्याच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली, स्टॅनिस्लॉस खटल्यात, शिक्कामोर्तब केले.

मग हेतू. सिस्टर राणी मारिया यांचे प्रकरण इंदूरकराने एकदा तरी नीट वाचावे. केरळातून आलेल्या या संन्यासिनी उदयनगर भागात भूमिहीन, कर्जात बुडालेल्या आदिवासी कुटुंबांना संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करत असताना त्यांना सुऱ्याने भोसकून मारण्यात आले. मारेकऱ्याला सावकारी व जमीनदारी हितसंबंधांनी चिथावले होते. सिस्टर राणी मारियांच्या घरच्यांनी पुढे त्याला क्षमा केली. चर्चने त्यांना श्रद्धेसाठी हुतात्मा झालेल्या मानले आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. त्या ज्या श्रद्धेने तिथे गेल्या, तिच्या दृष्टीने हे खरेच आहे. पण ज्या बातमीत सावकार येत नाही, ती अर्धीच समजावी.

आकड्यांच्या बाबतीत मोजणारा कोण हे विचारावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पीडिताच्या धर्मानुसार हल्ल्यांची वेगळी मोजणी करत नाही, त्यामुळे युनायटेड ख्रिश्चन फोरमसारख्या संघटना हेल्पलाइनवर आलेल्या दूरध्वनींवरून आकडे देतात: २०१४ साली १२७ घटना, २०२४ साली ८३४. हेल्पलाइन माहीत झाली की फोन वाढतात, आणि भीती असली की कमी होतात, हे दोन्ही लक्षात ठेवावे. अशा संघटनांच्या मोजणीत शेजाऱ्यांची खासगी भांडणेही धरली जातात, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात म्हटले आहे. तो दावाही प्रकरणागणिक तपासायचा असतो, नुसता ऐकून मान्य करायचा नसतो.

राजकारण तपासताना दोन्ही पारडी धरावीत. धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या धारा १२३(३) खाली भ्रष्ट आचरण ठरते, आणि ते उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्मालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले. दिल्लीच्या आर्चबिशपांनी मे २०१८ मध्ये देशातील ‘अशांत राजकीय वातावरणा’चा उल्लेख करून देशासाठी प्रार्थना करण्याचे पत्र काढले, तेव्हा त्यावर गदारोळ झाला. मंदिर-मठांतून निवडणुकीपूर्वी मिळणाऱ्या आशीर्वादांवरही आपण तेवढेच चिडतो का, हे स्वतःला विचारून मगच त्या पत्रावर बोलावे.

शेवटी एफआयआरचा क्रमांक व ठाण्याचे नाव वहीत टिपून ठेवावे आणि सहा महिन्यांनी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक घालून पाहावा. अटकेची बातमी पाठवणाऱ्या गटावर निकालाची प्रतही पाठवावी, निकाल आपल्या मनासारखा नसला तरी.